कोऱ्या पानाची जागा

“हे कोरं पान इथं घालायला तुला कोणी सांगितलं?”

“सांगतलं कोनंच नाई. तिथचं पान गेलेलं हाये, म्हनून घातलं.”

“गेलेलं? निजाम, नीट बघ. हा आकडा एकशे बारा. हा पुढचा एकशे तेरा. मधलं काय गेलंय?”

“आकडे बराबर हायेत, गुरुजी.”

“मग?”

“पान गेलं हाये.”

वामनरावांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि सतरंजीवर सोडलेल्या गाठोड्यातली दुसरी प्रत उचलली. मग तिसरी. चौथ्या प्रतीपर्यंत त्यांच्या बोटांना जागा पाठ झाली होती. पुस्तक तिथंच उघडायचं आणि आतून ते पांढरं पान डोळे वटारून बघायचं. नव्या खळीचा वास बैठकीभर पसरला होता. लाल कापडी पाठ, वर सोनेरी अक्षरात ‘माझ्या हातची रोपं’. तीस वर्षं शाळेत काढलेल्या हेडमास्तरांच्या आठवणी. रविवारी प्रकाशन होतं, म्हणजे चार दिवसांवर. शाळेच्या पटांगणात मांडवाचे बांबू येऊन पडले होते, यवतमाळच्या पाहुण्यांना निमंत्रणं गेली होती.

“बाकीच्या प्रतींत तरी नाही ना घातलंस?”

“सगळ्याईत शिवलं. दोनशेच्या दोनशे.”

आतल्या खोलीत कपबश्यांचा आवाज होत होता, तो थांबला. लीलाबाई, वामनरावांच्या पत्नी, चहा करत होत्या. निजामुद्दीननं तिकडं पाहिलं नाही. तो दाराशी, सतरंजीच्या कडेला, गुडघे उभे धरून बसला होता. वामनरावांच्या बैठकीत तो नेहमी तिथंच बसायचा. आज फक्त पाठ भिंतीला टेकवली नव्हती.

कोऱ्या पानाचा अर्थ वामनरावांना ठाऊक नव्हता असं मुळीच नाही. उमरखेडच्या वाचनालयाचे ते पंधरा वर्षं चिटणीस होते आणि तिथलं प्रत्येक फाटकं पुस्तक पुस्तकं बांधणाऱ्या निजामुद्दीन जिल्दसाजाच्या हातून गेलेलं होतं. एखादं पान हरवलेलं असलं तर दुसरे बांधणारे मागचं-पुढचं जुळवून दाभण मारतात आणि मोकळे होतात. वाचणारा आपला अंधारात पायरी चुकल्यासारखा पुढच्या पानावर जाऊन पडतो. निजामुद्दीन तिथं त्याच मापाचं कोरं पान शिवायचा. वाचणाऱ्याला कळावं, इथं काहीतरी होतं आणि ते गेलं.

ही रीत त्याची नव्हती. ती हलीमाची, त्याच्या लेकीची.

मोटार-स्टँडच्या रस्त्यावर त्याचं दुकान, मागं घर. घरात बोली दखनी, पण तो स्वतः मराठी शाळेत तिसरीपर्यंत गेलेला आणि पोरीलाही त्यानं त्याच शाळेत घातलं. हलीमाला वाचता यायला लागलं तशी ती शाळेतून आली की दुकानात बसायची आणि त्याच्या पुढ्यातल्या पुस्तकातून मोठ्यानं वाचायची. बापाचे हात शिवणीत, कान पोरीकडं, चुलीवर खळ रटरटतेय. दहा वर्षांची असताना असंच एका कादंबरीत मधलं पान नव्हतं. अलीकडच्या पानावर नायिका नावेत बसलेली, पलीकडच्या पानावर तिच्या लेकीचं लग्न. हलीमानं पुस्तक उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाली, अब्बा, नसलं तर नसलं, पण त्याची जागा तर ठेवा. तेव्हापासून ही रीत पडली.

पोरगी सासरी गेल्यावर तो स्वतः वाचायला लागला. अक्षराला अक्षर जोडत, ओठ हलवत, बोट ओळीखाली धरून. एक कादंबरी त्याला दहा दिवस पुरायची. जुनी शिवण उसवण्याआधी पुस्तक वाचून घ्यायचं, हा त्याचा नेम. न वाचता उसवणं म्हणजे न विचारता कोणाच्या घरात शिरणं, असं तो म्हणायचा. दर शनिवारी वामनराव पुस्तकं द्यायला-घ्यायला येत, बाकड्यावर बसून हॉटेलातला चहा मागवत आणि विचारत, “बोल निजाम, कसं काय वाटलं?” तो कामावरची नजर न उचलता मत देई, आणि वामनराव मांडीवर थाप मारून हसत.

एका निवृत्त मामलेदारांच्या आठवणी आल्या होत्या, चारशे पानांच्या. निजामुद्दीन म्हणाला, “घोड्याचं नाव हाये, कुत्र्याचं हाये. बायकोचं नाव शेवटच्या पानावर हाये, तेबी ते मेली म्हनून.” खेड्यावरची एक कादंबरी वाचनालयात फार गाजली. तिच्याबद्दल म्हणाला, या लेखकानं भाकर खाल्लेली दिसते, भाजलेली दिसत नाही. पाचव्या पानावर चूल पेटते आणि विसाव्या पानापर्यंत धूर कोणाच्याच डोळ्यात जात नाही. एका कादंबरीत क्षयाची पोरगी तीनशे पानं खोकत होती आणि डॉक्टर येऊन तिला कविता म्हणून दाखवायचा. “डाक्टर जरा कमी बोलला असता तर पोट्टी वाचली असती,” असा त्याचा निकाल. एका पैलवानाच्या आठवणी त्यानं दोन दिवसांत संपवल्या आणि नुसतं विचारलं, “हारलेल्या कुस्त्या कोनत्या पुस्तकात हायेत, गुरुजी?”

लोकांना कुठं काय आवडलं हेही तो सांगायचा. त्याला वाचावं लागत नसे, पानांचे कोपरे बघितले की कळायचं. मळलेला कोपरा म्हणजे लोक तिथं थांबले. हे पाहा, मामलेदाराच्या पुस्तकात फक्त शिकारीची पानं मळलेली, बाकी सगळं नवरीसारखं.

गेल्या पावसाळ्यात एका सुईणीच्या, दवाखान्यातल्या नर्सबाईच्या, आठवणी आल्या. पातळसं पुस्तक. ते त्यानं तीन आठवडे दिलंच नाही. वामनरावांनी तीन शनिवार विचारलं तेव्हा म्हणाला, “या बाईनं आपली चूक लिवली हाये. एका बाळंतिनीकडं जाले तिले उशीर झाला, घरी पाव्हने होते म्हनते. ते बाई मेली. साऱ्या पुस्तकात मले तेवढंच खरं वाटलं, आन् ते खरं वाटलं म्हनून मंग बाकीचंबी खरं वाटलं.” त्या दिवशी वामनराव हसले नाहीत. “फार मोठं बोललास,” म्हणाले. त्यांनी ते आपल्या वहीत उतरवूनही घेतलं. ते स्वतः तेव्हा आठवणी लिहीत होते.

दिवाळीनंतर यवतमाळच्या छापखान्यातून त्यांच्या पुस्तकाचे छापील फर्मे, न दुमडलेले मोठे कागद, मोटारीच्या टपावरून आले. निजामुद्दीननं एकेक फर्मा घडी घालायला घेतला आणि नेमाप्रमाणे पहिली प्रत वाचायलाही. मजा वाटली त्याला. ओल्या खुर्चीवर बसलेला इन्स्पेक्टर, कापूस वेचायला पळालेला वर्ग, सगळं डोळ्यांसमोरचं. शनिवारी काय सांगायचं तेही ठरवून ठेवलं होतं: गुरुजी, तुमच्या पुस्तकात माणसाईले नावं हायेत.

सातव्या फर्म्यात ‘एक सुकलेलं रोप’ नावाचं प्रकरण आलं. चारच पानांचं. “ती मुस्लिम कन्या विलक्षण बुद्धिमान होती. सातवीची परीक्षा तिने द्यावी म्हणून मी तिच्या पित्याची परोपरीने विनवणी केली. परंतु अज्ञान आणि रूढी यांपुढे शिक्षकाचे काय चालणार? पित्याने तिचे नाव शाळेतून काढले. माझ्या डोळ्यांदेखत ते रोप सुकले.” नाव नव्हतं. या प्रकरणात नाव नव्हतं. पण त्या शाळेत सातवीपर्यंत पोहोचलेली मुसलमानाची पोरगी गावात एकच झाली होती, आणि तिचा बाप कोण हे स्टँडवरचा कंडक्टरही सांगू शकला असता.

त्यानं ती चार पानं घरात नेऊन बायकोला, हुस्नाबीला, वाचून दाखवली. तिला मराठी अक्षर येत नव्हतं. त्यानं एकेक वाक्य दखनीत सांगितलं. हुस्नाबी तांदूळ निवडत होती. सूप रिकामं झालं तसे तिनं तेच तांदूळ पुन्हा सुपात ओतले आणि पहिल्यापासून निवडायला लागली.

छप्पन सालची, आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. सातवीच्या परीक्षेचं केंद्र पुसदला. मुलांनी गुरुजींबरोबर मोटारीनं जायचं, चार दिवस धर्मशाळेत राहायचं. परीक्षेला महिना उरला असताना निजामुद्दीनच्या दुकानात शाळेचा शिपाई चिठ्ठी घेऊन आला. मुलगी मोठी झाली आहे. मुलांबरोबर पुसदला नेणं बरं दिसणार नाही. यंदा राहू द्यावं. खाली वामनरावांची सही. ती चिठ्ठी त्यानं आजवर जपून ठेवली होती, एका जुन्या पुठ्ठ्याच्या आत, अस्तराखाली चिकटवून. त्या चिठ्ठीनंतरचे आठ-दहा दिवस मात्र तो कधी कोणाला सांगत नसे.

त्याच वर्षी हलीमाचं लग्न झालं, पांढरकवड्याच्या अय्यूब मिस्त्रीशी. ट्रक दुरुस्तीचं काम, माणूस गुणी. तिकडं तिला पुस्तक मिळेना. ती पत्रात लिहायची, अब्बा, काही पाठवा, अर्धंमुर्धं असलं तरी चालेल. त्यानं एक कादंबरी पाठवली, वाचनालयानं टाकून दिलेली, शेवटची वीस-बावीस पानं नसलेली. शेवटी तेवढी कोरी पानं शिवून दिली. तिचं उत्तर आलं की वाचलं, शेवट मीच करीन, सवड मिळू द्या. एकोणसाठ साली दुसऱ्या बाळंतपणात ती गेली. दोन मोटारी बदलून हा पोचला तेव्हा माती झाली होती. परत येताना तिच्या ट्रंकेतून त्यानं ते पुस्तक मागून आणलं. मोटारीत बसून कोरी पानं एकेक करून उलटली. एकावरही शाईचा थेंब नव्हता.

आता वामनरावांच्या बैठकीत गाठोड्यातल्या पंचवीस प्रती पसरल्या होत्या आणि वामनराव उभे राहिले होते. मांडवात भाषण करताना राहत तसे, एक हात पाठीवर.

“म्हणजे मी खोटं लिहिलं, असं तुझं म्हणणं आहे.”

“मी तुमच्यावालं एकबी अक्षर खोडलं नाई.”

“खोडलं असतंस तर परवडलं असतं. लोक विचारतील, मधे हे काय आहे? काय सांगू?”

“सांगा ना, बाइंडरनं घातलं. म्हना त्याले चिठ्ठी आलती.”

“कुठली चिठ्ठी?”

निजामुद्दीननं ती पाठ म्हणून दाखवली. तिसरीतल्या पोरासारखी, सुरात, सहीपर्यंत. वामनरावांनी पाठीवरचा हात सोडला.

“ते अक्षर माझं नव्हतं,” ते म्हणाले. हे का म्हणालो, ते त्यांचं त्यांनाही कळलं नसावं.

“माझं होतं.” लीलाबाई आतल्या दारात उभ्या होत्या, हातात चहाचे कप तसेच. “यांच्या बोटाला नखुर्डं झालं होतं. यांनी सांगितलं, मी लिहिलं. सही तेवढी यांनी केली.”

“तू आत जा.”

“जाते. निजामभाऊ, तुमची हलीमा पोथीला कव्हर घालून गेली होती, ते अजून आहे बरं माझ्या पोथीला.” कप खाली ठेवून त्या गेल्या नाहीत; दाराच्या चौकटीला टेकून उभ्याच राहिल्या.

वामनराव खाली बसले. बसताना त्यांचं पुस्तकातलं मराठी जणू वरच राहिलं. “तुले सांगतो,” ते म्हणाले, “दोन घरच्या माणसाईनं येऊन दम दिला होता मले. पोरगी पुसदले नेली तर आमचे पोरं नाई पाठवत. माही हेडमास्तरकी त्या वर्षी कायम व्हायची होती. भ्यालो मी. झालं?”

“मंग हे लिवाले पायजे होतं, गुरुजी.”

“हे कोणी लिहितं?”

“त्या नर्सबाईनं लिवलं.”

वामनरावांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले. मग कोनाड्यातला टाक आणि दौत घेऊन आले, एक प्रत मांडीवर घेतली आणि एकशे बाराच्या पुढं उघडली. दोनशे प्रतींत हातानं लिहायला चार दिवस पुरतील, ते म्हणाले. लीला मदत करील, तिला सवय आहेच. चौकटीतून लीलाबाईंनी पदर तोंडाशी नेला. त्या हसल्या की काय, ते निजामुद्दीनला दिसलं नाही. त्याला एवढंच दिसलं की टाक खरंच दौतीत बुडाला आहे. त्यानं पाठ भिंतीला टेकवली.

“लिहितो,” वामनराव म्हणाले. “भ्यालो म्हणून लिहितो. पण पुढं काय लिहू, तेही सांग. चिठ्ठी पाठवल्यावर मी आठ दिवस वाट पाहिली, निजाम. तुझं दुकान ते शाळा, किती अंतर आहे? घंटा वाजली तर तुला ऐकू येते. मला वाटलं, तू येशील. भांडशील. म्हणशील, कायले नाई नेत माह्या पोरीले? तू आला असतास तर मला नाही म्हणवलं नसतं, हे मी आज देवाला स्मरून सांगतो. नवव्या दिवशी तू आलास. काय मागितलंस?”

निजामुद्दीननं सतरंजीचा सुटलेला दोरा बोटाला गुंडाळला.

“दाखला मागितलास. सोयऱ्यांना वयाचा कागद पाहिजे म्हणालास. रजिस्टरवर सही आहे तुझी. पोरीचं नाव बापानं काढलं, हे मी खोटं लिहिलेलं नाही.”

बाहेर रस्त्यानं कापसाच्या गाड्या चालल्या होत्या. आखाची कुरकुर जवळ आली आणि लांब गेली. निजामुद्दीनला बैठक दिसत नव्हती. त्याला दुकानातला पडदा दिसत होता आणि पडद्यामागची पोरगी. चिठ्ठी तिनंच त्याला वाचून दाखवली होती, त्याला तेव्हा तेवढं भरभर कुठं वाचता यायचं. वाचून झाल्यावर म्हणाली होती, अब्बा, एकदा जाऊन विचारा ना. आणि आपण म्हणालो होतो, गुरुजींनी लिहून दिलंय, लिहिलेल्यापुढं काय विचारायचं. असं म्हणताना डोक्यावरचं ओझं उतरलं होतं. पांढरकवड्याहून सोयरिकीचा निरोप आदल्याच आठवड्यात आलेला होता. पोरगी अजून दोन वेळा म्हणाली. नंतर म्हणाली नाही. नंतरही ती त्याला वाचून दाखवत असे, लग्नाच्या आदल्या दिवसापर्यंत.

“तुला चिठ्ठी वाचून बरंच वाटलं होतं,” वामनराव हळू आवाजात म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. दोन म्हाताऱ्यांपैकी एकानं दुसऱ्याचा ताप बघावा तसं ते म्हणाले. त्यांनी मांडीवरचं पुस्तक फिरवून त्याच्यापुढं सतरंजीवर ठेवलं, त्यावर टाक आडवा ठेवला. “पान तू घातलंस. वरच्या अर्ध्यात मी लिहितो. खालच्या अर्ध्यात तू सांग, तसं लिहू. त्या बाईनं आपली चूक लिहिली म्हणून तुला बाकीचं खरं वाटलं, तूच म्हणालास ना? सांग मग. हलीमाच्या बापानं काय केलं?”

टाकाच्या टोकावर शाई जमत आली. मग तो थेंब सुटून कोऱ्या पानाच्या मधोमध पडला आणि पसरला. वामनरावांनी टिपकागद शोधला नाही. निजामुद्दीननंही हात पुढं केला नाही, एरवी पुस्तकावर पाण्याचा शिंतोडा उडाला तरी त्याचा हात आधी जायचा.

“निजामभाऊ,” लीलाबाई म्हणाल्या, “चहा निवून राह्यला.”

तो उठला. उठताना गुडघ्यांवर हात टेकावे लागले. गाठोड्याचं फडकं सतरंजीवर पडलं होतं, ते त्यानं उचललं नाही. दारात चपला होत्या. उजवा पाय डावीत गेला, तो काढून त्यानं पुन्हा घातला.

“निजाम,” वामनराव म्हणाले, “मी विचारलं तुला.”

तो पायऱ्या उतरला आणि कापसाच्या गाड्यांच्या मागं मागं, स्टँडकडं चालायला लागला.